खांबावरची मी

लातूरला गेले तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि परराज्यातली होते. परराज्य म्हणजे फार लांबचं नव्हे. देगलूर ओलांडून अर्ध्या तासावर, तेलंगणाच्या हद्दीत आमचं गाव. घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात समोरचा बोलेल ते. आमच्याकडे भांडणं मराठीत व्हायची आणि पाढे तेलुगूत म्हटले जायचे. होस्टेलवर मात्र मी पहिल्याच दिवशी 'हैदराबादवाली' झाले. हैदराबाद मी तोवर एकदाच पाहिलं होतं, तेही काकांच्या मुतखड्याच्या निमित्तानं.

डॉक्टर व्हायच्या परीक्षेत बारावीनंतर मी सपशेल आपटले होते. वडिलांनी आणखी एक वर्ष दिलं आणि लातूरच्या क्लासला आणून सोडलं. अशा मुलांना तिथे रिपीटर म्हणतात, आणि रिपीटरनं मान खाली घालून राहावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. माझी मान तेव्हाही फारशी खाली जात नसे. पुढे मी डॉक्टर झाले नाही, आज नांदेडला एका शाळेत जीवशास्त्र शिकवते, आणि मुलं मला खडूस म्हणतात ते मला ठाऊक आहे.

रविवारी सकाळी क्लासची परीक्षा असायची. बारा वाजता सुटका, मग मेसमध्ये गोड जेवण, आणि एक ते सहा मोकळीक. रेक्टरबाईंच्या रजिस्टरमध्ये सही करायची आणि बाहेर पडायचं. बाकीच्या मुली केस धुऊन झोपायच्या. मला झोप यायची नाही. माझ्या गावात एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जायची, आणि इथे एवढं मोठं शहर पसरलं होतं ज्यात मला ओळखणारं एक माणूस नव्हतं. कुणी ओळखत नाही याची तेव्हा मला चैन वाटायची. अमुकची मुलगी, तमुकची पुतणी, नापास झालेली, यातलं काहीच नाही. नुसती रस्त्यानं चाललेली एक पोरगी.

शहराच्या मधोमध असलेल्या गोल बाजारपेठेला, गंजगोलाईला, सोळा रस्ते येऊन मिळतात हे कळल्यावर मी ठरवूनच टाकलं, दर रविवारी एक रस्ता. गोलाईपासून निघायचं आणि रस्ता संपेपर्यंत किंवा पाय दुखेपर्यंत चालायचं. सोन्याचांदीच्या दुकानांचा रस्ता झाला. चपलांचा झाला. मिरच्यांच्या रस्त्यानं मी शिंकत शिंकत गेले आणि शिंकत शिंकत परत आले. अहमदपूरची माझी रूममेट म्हणायची, "तुला काय लातूरच्या मोजणीला बोलावलंय का गं? झोप की गप." मी तिला प्रत्येक रविवारी काहीतरी खायला आणायची, म्हणून तिची तक्रार तेवढ्यावरच राहायची.

सहावा रस्ता दालमिलकडे जायचा. गणपती उठून आठवडा झाला होता. ऊन चांगलंच होतं. एरवी त्या भागात ट्रक, हमाल, पोती, यांची झुंबड असते म्हणे, पण रविवारी मिल बंद. तुरीच्या टरफलांची पिवळट भुकटी शटरांवर, पायऱ्यांवर, झोपलेल्या कुत्र्यांच्या पाठीवर बसलेली. गोलाईवरचा कलकलाट मागे कधी थांबला ते कळलंच नाही. माझ्या चपलांचा आवाज मलाच ऐकू यायला लागला. मी एका गल्लीत वळले, केवळ तिथे सावली होती म्हणून.

गल्लीत पाच-सहा लहान मुली लंगडी खेळत होत्या. मला पाहून खेळ थांबला. थांबला म्हणजे कसा, तर जिच्यावर राज्य होतं ती एका पायावर तशीच उभी राहिली. दुसरा पाय तिनं खाली टेकवलाच नाही. दारात एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग गल्लीत पुढे, वरती कुठेतरी पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे. मीही तिकडे बघितलं. विजेचा खांब होता, त्याला बांधलेल्या एका फ्लेक्सची पांढरी पाठ माझ्याकडे होती. दुसरं काही नव्हतं.

"काय झालं, आज्जी?" मी विचारलं. म्हातारीनं लसणाचं ताट उचललं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मला राग आला. परक्या माणसाकडे टक लावून बघायचं आणि वर दार लावायचं, ही कुठली रीत? मी तरातरा गल्लीबाहेर पडले. मुली माझ्या मागून आल्या, पळत नाही, बोलत नाही, चार हात अंतर ठेवून. मी मोठ्या रस्त्याला लागले तेव्हा मागून एकीचा आवाज आला, "गेली." दुसरी म्हणाली, "चालत आली हुती बग."

पुढचा रविवार सातव्या रस्त्याचा होता. पण आठवडाभर माझं अभ्यासात लक्ष लागलं नव्हतं, आणि अर्धवट सोडलेलं काही मला सहन होत नाही. मी पुन्हा सहाव्यालाच लागले. या वेळी पलीकडच्या टोकानं गल्लीत शिरले, म्हणजे फ्लेक्सची पुढची बाजू समोर आली.

वर लिहिलं होतं, 'प्रथम पुण्यस्मरण'. खाली कमळ, समई, आणि मधल्या गोलात मी.

आधी मला वाटलं, दिसते बुवा एखादी आपल्यासारखी. मग जवळ गेले. मरून रंगाची ओढणी, मागे निळा पडदा, डाव्या भुवईत लहानपणी पडून झालेली खोक. डाव्या कानातली रिंग उलटी फिरलेली. फोटो काढल्यावर ती माझ्या लक्षात आली होती आणि परत कोण काढणार म्हणून मी सोडून दिली होती. ती मीच होते. जूनमध्ये क्लासच्या प्रवेशासाठी काढलेला माझाच फोटो. नाव दुसऱ्या मुलीचं होतं, जन्मतारीख माझ्या दोन वर्षांनंतरची, आणि शेजारी मृत्यूची तारीख, गेल्या वर्षीच्या श्रावणातली. खाली 'शोकाकुल' म्हणून मित्रमंडळातल्या अकरा जणांचे फोटो, त्यातले तिघे काळा चष्मा घालून आणि एक जण फोनवर बोलत शोक करत होता. महिनाभराच्या उन्हानं फ्लेक्सचा लाल रंग उडाला होता. माझे ओठ निळे पडले होते.

जीवशास्त्राच्या विद्यार्थिनीनं काय करावं? मी मनगटावर बोटं ठेवून नाडी पाहिली. हसू नका. ती लागेपर्यंत गेलेले तीन-चार क्षण मी आजही विसरलेले नाही.

होस्टेलवर येऊन रूममेटला सांगितलं. ती आधी घाबरली, मग पोटभर हसली. "चांगलं हाय की! जित्या माणसाची मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतंय. शंभरी भरतीस बघ आता." हे आमच्याकडेही म्हणतात. पण आमच्याकडे जित्या माणसाच्या फोटोला चुकून हार घातला तर मीठमोहऱ्या उतरवून टाकतात, हेही मला माहीत होतं. त्या रात्री आईचा फोन आला. बरी आहेस ना, तिनं विचारलं, आणि मी दोनदा म्हणाले, बरी आहे.

पुढच्या रविवारी कुठलाच रस्ता धरला नाही. सरळ फोटोवाल्याकडे गेले. क्लासच्या चौकात त्यांचं झेरॉक्स आणि फोटोचं दुकान होतं. पन्नाशीचा शांत माणूस, सगळी मुलं त्यांना काका म्हणायची. फॉर्मच्या फोटोत निळा पडदा आणि ओढणी सक्तीची, म्हणून त्यांनी खिळ्याला एक मरून ओढणी कायमची टांगून ठेवली होती. येणारी प्रत्येक मुलगी तीच ओढणी घ्यायची, त्याच स्टुलावर बसायची. नंतर काका कॉम्प्युटरवर चेहरा उजळ करून द्यायचे, न विचारता. कुणाचे मुरूम, कुणाचे वांग, सगळं पुसून टाकायचे. "पोरींना गोरं आवडतंय," असं त्यांचं म्हणणं होतं.

मी सगळं सांगितलं तेव्हा ते मटकन स्टुलावर बसले.

"बेटा, मंडळाची पोरं आली हुती. म्हणाली, एक पोरगी वारली, तिच्या आईला फोटो पाह्यजे. तुमच्याकडंच काढला हुता जूनमदी, अकरावीच्या फॉर्मला. नाव तर मी लिहीतच न्हाई. मरून ओढणी, दोन वेण्या, जून महिना. मी काढून दिला."

"कुठल्या वर्षीचा जून, काका?"

त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला. महिन्यांची नावं होती, वर्ष कुठेच नव्हतं. 'जून', 'जून नवीन', 'जून नवीन २'. त्यांनी डोक्याला हात लावला. गेल्या वर्षीची मुलगी त्यांनी या वर्षीच्या जूनमधून काढून दिली होती, आणि तीही मोठ्या प्रिंटसाठी आणखी थोडी गोरी करून.

मला भांडायचं होतं, त्याची तयारी करूनच मी आले होते. पण तो माणूस तिन्ही 'जून' पुन्हा पुन्हा उघडून बघत बसला होता. "तिच्या घरच्यांना कळलं नाही का?" एवढंच मी विचारलं. काका म्हणाले, "तेच तर मला कळंना." मग त्यांनी घर कुठे ते सांगितलं. खांबासमोरचंच दार.

मी गेले होते ते 'फ्लेक्स उतरवा' असं सांगायला. मला दुसरं काही नको होतं. त्या मुलीची आई दालमिलमध्ये डाळ निवडायला जायची. रविवारी घरी होती. वडील टेम्पोवर, आठवडा आठवडा बाहेर. दार उघडंच होतं. ती उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती आणि खांब तिच्या बरोबर समोर होता. माझी सावली ताटात पडली तशी तिनं वर पाहिलं.

किंचाळेल, बेशुद्ध पडेल, काय काय मनात येऊन गेलं माझ्या. तिनं तसलं काही केलं नाही. माझ्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, आणि हळूच हसली.

"म्हंजी ती तू हायस," ती म्हणाली. "म्हंजी मी इसरले न्हाई."

तिनं मला आत बोलावलं, चहा टाकला, आणि मग बोलत राहिली. पोर तापानं गेली होती, आठ दिवसांत. फोटो सगळे पोरीच्या मोबाइलमध्ये होते. मोबाइलला पॅटर्न लॉक. तो तिनं कुणालाच सांगितला नव्हता. वडिलांनी तो दुकानात उघडायला नेला. दुकानदारानं उघडून दिला, कोराकरकरीत. सगळं पुसलं गेलं होतं. कागदावरचे फोटो फॉर्मांना चिकटून गेले होते. आधार कार्डावर पाच वर्षांचं पोर, तेही काळं ठिक्कर. आधारवर कुणीच कुणासारखं दिसत नाही. शाळेच्या ग्रुप फोटोत साठ मुलं, आणि तिचा चेहरा तुरीच्या डाळीएवढा.

"मग फ्लेक्स लावला त्या दिवशी?" मी विचारलं.

"मी बघितलं तं मला वळखूच आली न्हाई. मनलं, वरीस झालं, आन् मी आई आसून लेकराचं तोंड इसरले? पोरं मनाली, मावशी चांगला आलाय ना फोटो? मी मनले, हाव. शेजारची काय बोलंना. सगळ्यायला वाटलं आसंल, आई मनायली तं तीच आसंल. तिच्या बापानं तं मान वर करून बघितलंच न्हाई. मग मी रोज सकाळी बघायले. रोज बघायले की, आता वळख पटंल, आता पटंल." ती थांबली. "आन् मग पटाय लागली, माय. डोळे मिटले तं तूच दिसाय लागलीस."

माझ्या हातात चहाची कपबशी होती. ती मी खाली ठेवली. एक मेलेली मुलगी हळूहळू पुसली जात होती आणि तिच्या जागी मी उमटत होते, मला न विचारता, रोज सकाळी, दार उघडलं की. गल्लीतल्या लहान पोरींना तर ती कशी होती हे आठवतही नसणार. त्यांच्यासाठी मीच मेले होते.

"उद्या उतराय सांगते," ती म्हणाली. मग खांबाकडे बघत म्हणाली, "पण मग बघू कशाकडं?"

मला तेव्हा कळलं की फ्लेक्स उतरून माझं भागेल, तिचं भागणार नाही. काकांकडे गेल्या वर्षीचे फोटो असतील. पण मी तर ती मुलगी कधी पाहिलेलीच नव्हती, आणि काकांनी हजार चेहऱ्यांत पाहिलेली. ओळखणारी एकटी आईच. मी म्हणाले, पुढच्या रविवारी या माझ्याबरोबर. ती लगेच हो म्हणाली.

पुढच्या रविवारी मी गेले तर तिचं डोकं दुखत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे येणार होते. मी तासभर बसले, कुणी आलं नाही. मग दिवाळीची सुट्टी लागली. मी गावी गेले आणि घरी कुणाला काही बोलले नाही. ओवाळताना आईनं माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो गोल, ते कमळ आणि ती समई आली. सुट्टीहून परत आल्यावर पुन्हा गेले. फ्लेक्स अजून होता. चेहऱ्यावर आता निळ्याशिवाय काही उरलं नव्हतं. आई म्हणाली, पुढच्या रविवारी नक्की.

माझा तोल गेला. मी दारात उभी राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मावशी, तुम्हाला तिचा चेहरा आठवतो तरी का?"

बोलले आणि जीभ चावली. ती उठली. ताट घेऊन आत गेली. होस्टेलवर येईपर्यंत मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की त्यात दोन्ही राज्यांच्या शिव्या संपल्या. मी जे विचारलं होतं तेच ती रोज स्वतःला विचारत होती, आणि उत्तर 'नाही' आलं तर काय, या भीतीनं ती घराबाहेर पडत नव्हती. एवढी साधी गोष्ट मला कळायला तीन रविवार लागले.

पुढच्या रविवारी परीक्षा देऊन बाहेर आले तर ती क्लासच्या फाटकाशी उभी. धुतलेलं लुगडं, चापूनचोपून बसवलेले केस. एवढ्या लांब चालत आली होती. "चल," ती म्हणाली.

काकांनी तिला फोटोच्या स्टुलावर बसवलं आणि कॉम्प्युटर तिच्या पुढ्यात ओढला. या वेळी फोटोंखालच्या तारखा बघून गेल्या वर्षीचा जून उघडला. एक बटण दाबलं की एक मुलगी. निळा पडदा, मरून ओढणी, उजळ कातडी. "न्हाई," ती म्हणायची. पुढची. "न्हाई." पुढची. काकांनी सगळ्यांचे मुरूम पुसले होते, सगळ्यांचे गाल सारखे केले होते. शंभरेक झाल्यावर मला त्या सगळ्या बहिणी वाटायला लागल्या. त्या सगळ्याजणी समोर बघत होत्या, आणि त्यातली एक या जगात नव्हती, आणि ती कुठली हे चेहऱ्यावरून मला ओळखू येत नव्हतं. कधी ती 'न्हाई' म्हणायला वेळ लावायची, तेव्हा मी पुढे वाकून बघायची.

फोल्डर संपलं. "परत लावा," ती म्हणाली. पुन्हा सगळ्या. पुन्हा न्हाई, न्हाई, न्हाई. काका कसनुसे होऊन म्हणाले, "मधी कॉम्प्युटर बिघडला हुता, काही फोटो गेले बी आसतील." तिनं ते ऐकलंच नाही. पदरानं तोंड पुसलं आणि अगदी हळू म्हणाली, "आसंल ह्याच्यातच. मलाच कळलं नसंल."

ते वाक्य मी जन्मात विसरणार नाही. काकांनाही ते लागलं असावं, कारण गडबडीनं त्यांनी बंद करायच्या ऐवजी भलतंच काही दाबलं आणि पडद्यावर आणखी एक मुलगी आली. रुंद कपाळ, किंचित बाहेर आलेले दात ओठांनी झाकायचा प्रयत्न.

आई स्टुलावरून उठली.

"हीच. हीच की माझी बाय!"

तिनं पडद्यावर हात ठेवला, गालावरून फिरवावा तसा फिरवला. रडत होती आणि हसत होती. "दात झाकायची बगा आशी. मी कितीदा मनले, झाकू नको, चांगले दिसतेत. बगा, झाकायलीच!"

काका पडद्याच्या तळाशी बघत होते. मीही बघितलं. फोटोखाली तारीख होती. पंधरा दिवसांपूर्वीची. दिवाळी झाल्यावर कुणीतरी मुलगी याच स्टुलावर येऊन बसली होती, खिळ्यावरची ओढणी तिनं घेतली होती, दात झाकले होते, आणि आठ प्रती घेऊन आपल्या पायांनी निघून गेली होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं.

माझ्याबाबतीत हेच झालं तेव्हा मी या माणसाशी भांडायला आले होते. जिवंत माणसाला खांबावर टांगलं म्हणून. तो सगळा राग मला नीट आठवत होता.

"काका," मी म्हणाले, "मोठी प्रिंट काढा. मंडळाला पण द्या एक. आणि उजळ करू नका."

प्रिंट होईपर्यंत ती भिंतीवरच्या छोट्या आरशासमोर उभी होती. कागद हातात आल्यावर तिनं तो आपल्या तोंडाशेजारी धरला आणि आरशातून मला विचारलं, "दिसते का न्हाई माझ्यावानी?"

तेच कपाळ होतं. हनुवटीही तीच. मला खोटं बोलावं लागलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"हाव, मावशी," मी म्हणाले.

आठवड्याभरात खांबावर नवा फ्लेक्स आला. त्यानंतर मी त्या गल्लीत एकदाच गेले. ती उंबऱ्याशी बसून समोर बघत डाळ निवडत होती, आणि शेजारच्या म्हातारीला पोरीच्या काहीतरी खोड्या सांगत होती. मला पाहून तिनं हात हलवला. तिला माझी आता काही गरज नव्हती. मला फार बरं वाटलं, आणि तिथून पळून जावंसंही वाटलं.

मग मी त्या दुसऱ्या मुलीला शोधायला लागले. मेसमध्ये, झेरॉक्सच्या रांगेत, परीक्षेच्या हॉलमध्ये. सापडली तर काय सांगायचं ते माहीत नव्हतं. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी ती गोलाईवर पेरू खाताना दिसली. एकटीच होती. रुंद कपाळ, आणि हसताना दातांवर हात. बोलण्यावरून उदगीरकडची वाटत होती, मधूनच कन्नडचा हेल. नवीन होती, आणि तिला शहर बघायचं होतं. पेरूवाली दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतली होती, म्हणून तिनं मलाच विचारलं. दालमिलच्या रस्त्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ताई, हिकडं काय हाय ओ बघण्यासारखं?"

तिचा गाल उन्हात चमकत होता. पेरूचं बी ओठाला चिकटलं होतं.

"काही नाही," मी म्हणाले. "रविवारी तिकडे सगळं बंद असतं. तिकडे कधीच जाऊ नकोस." आणि ती दुसऱ्या रस्त्यानं वळून दिसेनाशी होईपर्यंत मी त्या रस्त्याच्या तोंडाशी उभी राहिले.